मासे येण्याआधीचं काम

पहाटे ४:५०
कुर्ल्याच्या या चाळीत नळाला पाणी येतं पाचच्या सुमारास. भाऊ दहा मिनिटं आधी उठतात. गिऱ्हाइकं त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच. खाऱ्या पाण्याचे फिश टँक बसवायचे आणि सांभाळायचे, हा त्यांचा धंदा. क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका दुकानात काचा पुसण्यापासून सुरुवात झाली. आता स्वतःचं आहे. स्वतःचं म्हणजे एक स्कूटर, दोन निळे ड्रम, एक आरओ आणि खांद्याला एक पिशवी.

नळी आरओला जोडली जाते. भातसा-वैतरणेचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं. ते टँकला चालत नाही. पाणी एकेका गाळणीतून पुढे जातं, शेवटी रेझिनमधून. भाऊ क्षार मोजायचं मीटर बुडवतात. आकडा शून्य. एक लिटर शुद्ध पाणी मिळवायला दोन-तीन लिटर बाहेर पडतं. त्या नळीखाली शेजारच्या मावशींची बादली आधीच लागलेली असते. धुणं त्यातच होतं.

सकाळी ६:१५
दुसऱ्या ड्रममध्ये कालचं पाणी आहे, मीठ घातलेलं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतं. रात्रभर छोटा पंप पाणी ढवळत होता.

भाऊ रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब सोडतात, झाकण लावतात, खिडकीकडे धरून डोळा लावतात. निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ वर. हजार भागांत पस्तीस भाग क्षार, समुद्रात साधारण असतात तेवढे. लिटरला ३८ ग्रॅम मीठ लागतं, शंभर लिटरला ३.८ किलो. २२ किलोची बादली सात हजारांची. म्हणजे या ड्रममध्ये बाराशे रुपये विरघळले आहेत.

कोपऱ्यात आणखी एक बादली. आत खारं पाणी, एक पंप आणि सिरॅमिकच्या सच्छिद्र रिंगा. मासा एकही नाही. तरी भाऊ तिला दिवसाआड खायला घालतात. खाणं म्हणजे नवसागराची चिमूट.

सकाळी ८:३०
घाटकोपर. सातवा मजला, लिफ्ट चालू. टँक २०० लिटरचा, भरून दोन दिवस झालेले. पाणी अजून किंचित धुरकट. दगड सिरॅमिकचे आहेत. काकूंचा नातू विचारतो, खरं कोरल का नाही आणलं? भाऊ सांगतात, "बाळा, ते समुद्रातच राहू द्यायचं." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे. कुणी विकायला आणलं तरी भाऊ हात लावत नाहीत.

पिशवीतून सोनाराकडे असतो तसा छोटा काटा निघतो. त्यावर कागद, कागदावर नवसागर. कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेला लागतो तो शुद्ध. सव्वा ग्रॅम. कपभर पाण्यात विरघळवून टँकमध्ये. एवढ्यानं पाण्यात दहा लाख भागांमागे दोन भाग अमोनिया होतो, म्हणजे दोन पीपीएम.

काकू बघत असतात. "अहो, विष घालताय होय?"

"हो काकू. मासा आला की तो स्वतःच हे घालणार. कल्ल्यांतून अमोनियाच बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी. ते पचवणारं अजून या पाण्यात कुणी नाही. त्यांना आधी वाढवायचं."

मग डब्यातून घरच्या बादलीतल्या मूठभर रिंगा काढून ते फिल्टरमध्ये ठेवतात. "हे विरजण," ते म्हणतात. काकूंना लगेच समजतं. मासे असलेल्या टँकमधलं विरजण भाऊ आणत नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याबरोबर येऊ शकतो.

दिवा बंद ठेवायला सांगतात, शेवाळ कमी धरेल. पाण्याची पातळी खाली गेली तर फक्त आरओचं गोडं पाणी घालायचं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. प्रत्येक वायरला भिंतीजवळ खाली झोळ देतात, म्हणजे थेंब ओघळला तरी बटणापर्यंत जात नाही. फेरीचे सातशे. काकू रोख देतात आणि चहा.

सकाळी ११:१०
विक्रोळी. दातांचा दवाखाना. टँकचा तिसरा आठवडा. काचेवर, वाळूवर तपकिरी थर चढलाय. रिसेप्शनवरच्या ताईंना तो घाण वाटतो. भाऊ सांगतात, हे डायटम नावाचं शेवाळ, नव्या टँकला येतंच. पुढची काच तेवढी चुंबकाच्या घासणीनं पुसतात. दगडाला हात लावत नाहीत.

काचनळीत पाच मिलिलिटर पाणी. अमोनियाच्या पहिल्या बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ. हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य, हिरवं झालं तर आहे.

या पाच मिनिटांत भाऊ काहीच करत नाहीत. टँकमध्येही डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे काय चाललंय ते १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी उलगडलं. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले वाढल्याशिवाय दुसऱ्यांना खायला मिळत नाही. आणि दोघेही सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुपटीहून जास्त होतात. यांना दुप्पट व्हायला चांगल्या पाण्यातही पंधरा-वीस तास लागू शकतात. चार ते सहा आठवडे जातात ते यामुळे.

नळी फिकट हिरवी. पाव पीपीएम. पहिले जिवाणू कामाला लागलेत. नायट्राइटची नळी मात्र थेंब पडताच गडद जांभळी होते. रंगपट्टीच्या पलीकडची. भाऊ एक भाग टँकचं पाणी आणि नऊ भाग आरओचं पाणी घेऊन पुन्हा मोजतात. रंग एकशी जुळतो. म्हणजे खरा आकडा दहा. आज नवसागर घालायचा नाही. नायट्रेटही मोजत नाहीत. एवढं नायट्राइट असताना तो आकडा फुगून येतो.

मग ते पंपावर हात ठेवतात. "ताई, रात्री हे बंद होतं का?"

"वॉचमन जाताना सगळंच बंद करतो, भाऊ. लाइटबिल येतं ना."

भाऊ रागावत नाहीत. जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, दगडाला आणि रिंगांना चिकटलेले असतात. त्यांना वाहतं पाणी आणि प्राणवायू लागतो. रात्रभर पंप थांबला तर फिल्टरमध्ये ते गुदमरतात. पंप दहा वॉटचा. दिवसभर चालला तरी पाव युनिटसुद्धा जात नाही. हा हिशेब ते ताईंना करून दाखवतात. मग चिकटपट्टीचा तुकडा बटणावर लावतात आणि पेनानं लिहितात : बंद करू नये.

डॉक्टर दाराशी येऊन विचारतात, "निदान एक मासा टाकू या का? पेशंटची मुलं विचारतात."

"नको साहेब. अजून दोन आठवडे तरी."

मासा टाकला असता तर माशाचे पैसे आज मिळाले असते. भाऊ सातशे घेतात आणि उतरतात.

दुपारी १:२०
पुलाखालच्या सावलीत स्कूटर. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. जेवण्याआधी हात दोनदा धुतात, चाचणीची रसायनं पोटात जायला नकोत. बोटांच्या पेरांवर भेगा आहेत, मिठानं पडलेल्या. जेवण झाल्यावर त्यांना खोबरेल चोळतात. टाकीत दीडशेचं पेट्रोल.

दुपारी २:३०
कुर्ल्याचं मासळीचं दुकान, शोभेच्या मासळीचं. पोरं पिशव्यांत ऑक्सिजन भरून रबर लावत आहेत. भाऊ एका काचेसमोर उकिडवे बसतात. क्लाउनफिशची जोडी, समुद्रातून धरलेली नाही, हॅचरीत जन्मलेली. या माशाची पैदास कशी करायची ते भारतातल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवून दिलं आहे. भाऊ खाण्याची चिमूट टाकायला लावतात. दोघंही झडप घालतात. श्वास शांत आहे, पंख फाटलेले नाहीत. गिऱ्हाइकाकडचे पाचशे रुपये विसार देतात. रविवारपर्यंत राखून ठेवायची.

दुकानदार म्हणतो, "दवाखान्यात डॅमसेल टाक की. शंभर-दीडशेचा मासा. टँकही पिकेल, डॉक्टरही खूश."

पूर्वी सगळे तसंच करत. डॅमसेल चिवट. पण खारं पाणी अल्कधर्मी, पीएच ८.२ च्या आसपास, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो. माशाचे कल्ले भाजतात. जगलाच तर पुढे नव्या माशांना टँकमध्ये टिकू देत नाही. भाऊ मान हलवतात. "जे काम नवसागरानं होतं, त्याला जीव कशाला?"

दुपारी ४:००
घरी. ड्रममधलं पाणी वीस-वीस लिटरच्या पाच कॅनमध्ये. रिक्षावाला कॅनची झाकणं स्वतः दाबून बघतो. खारं पाणी सांडलं तर पत्रा गंजतो. मीटरवर पन्नास जादा ठरतात.

दुपारी ४:५०
चेंबूर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक कॅन वीस किलोहून थोडा जड. भाऊ एकावेळी एकच नेतात. पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीला ते जिन्याच्या वळणावर कॅन टेकवतात, शर्टाच्या बाहीनं मान पुसतात, पुन्हा उचलतात.

इथले काका रेल्वेतून निवृत्त. आलेखाच्या कागदावर त्यांनी पहिल्या दिवसापासूनचे आकडे मांडलेत. अमोनियाची रेघ चढते आणि उतरते. ती उतरते तिथे नायट्राइटची चढते, मग तीही कोसळते. नायट्रेटची फक्त चढतच जाते. पाचवा आठवडा संपतोय. काल याच वेळी भाऊंनी दोन पीपीएमचा डोस घातला होता. तो चोवीस तासांत पूर्ण संपायला हवा. मागच्या दोन डोसांना संपला आहे. आजचा तिसरा.

आठ थेंब, आठ थेंब. काका घड्याळ लावून बसतात. पाच मिनिटं. पिवळं.

नायट्राइट. पाच थेंब, पाच मिनिटं. आकाशी.

नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीचा तळ घट्ट बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते. न हलवता मोजणाऱ्यांना कमी आकडा येतो आणि ते खूश होतात. भाऊ नीट हलवतात. लाल. चाळीस.

"झालं का?" काका विचारतात.

"झालं. आता निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे वीसवर येईल."

संध्याकाळी ५:३०
पंप आणि चिलर बंद. नळी टँकमध्ये, दुसरं टोक मोरीत. तोंडानं ओढत नाहीत, रबरी फुगा दाबतात. शंभर लिटर उतरायला वीसेक मिनिटं. तेवढ्यात दगड हवेत उघडे पडले तर टँकमधलंच पाणी त्यांच्यावर शिंपडत राहतात. नवं पाणी छोट्या पंपानं हळूहळू चढवतात, वाळू उडू नये म्हणून ताटलीवर सोडतात. क्षार पस्तीस. तापमान सव्वीसवर यायला चिलरला तासभर लागेल. मुंबईत चिलर नसला तर उन्हाळ्यात टँक तिशी ओलांडतो. या चिलरला काकांनी तीस हजार मोजलेत.

शेवटी ओल्या फडक्यानं काचेच्या कडेवरचं मीठ पुसतात, मग कोरड्यानं. फरशीही पुसतात.

रात्री ८:१५
हिशेब वहीत. तीन फेऱ्यांचे २१००. मिठाचे १२०० आले, ते मिठालाच जातील. खर्च : पेट्रोल १५०, रिक्षा १५०, चाचण्यांची रसायनं साधारण शंभर. हातात राहतात १७००. तीन फेऱ्यांचा दिवस रोज येत नाही. पावसाळ्यात कमी, दिवाळीआधी जास्त.

काकांचा फोन येतो. आज शुक्रवार, मग उद्याच का नाही आणायचे मासे?

"दोन दिवस पाणी स्थिर राहू दे. तेवढ्यात जिवाणू मरत नाहीत. रविवारी सकाळी दोघांना आणतो. पिशवी तुमच्या पाण्यावर तरंगवू, मग तासभर थेंब थेंब पाणी देऊ."

"आणि ती पिवळी टँग? नातीला ती हवीय."

"टँगला हा टँक लहान पडतो काका. तिला पोहायला लांबी लागते. लहान जातीचा गोबी बघू. पण तोही लगेच नाही."

"का? आकडे तर शून्य आलेत."

"शून्य आलेत ते नवसागरावर. मासा रोज खाणार, रोज घाण करणार. जिवाणू जेवढं मिळतं तेवढेच टिकतात. एकदम पाच मासे टाकले तर तेवढे वाढेपर्यंत पाणी पुन्हा बिघडू शकतं. आधी या दोघांचं पचू दे. तिसरा महिन्यानंतर."