स्वतःचा चॅट सर्व्हर लिनक्सवर कसा उभारतात?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदमच बंद पडलं आणि जवळपास सहा तास बंद राहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर 'पाणी कधी येणार?' एवढं विचारायचीही सोय उरली नाही. मग आपल्या गप्पांचा सर्व्हर आपलाच असला तर?

तसा तो उभारता येतो. मॅट्रिक्स ही त्यासाठीची खुली प्रणाली आणि सिनॅप्स हे तिचं लिनक्सवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर. ईमेलसारखंच आहे: तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी बोलणं होतं.

घरचा जुना कॉम्प्युटर चालेल का? सहसा नाही. बऱ्याच घरगुती कनेक्शनमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत थेट पोहोचूच शकत नाही. शिवाय वीज गेली की ग्रुप गेला! त्यापेक्षा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घ्या. ऐरोली-महापे पट्ट्यात मोठी डेटा सेंटर्स आहेतच. २ जीबी रॅम आणि डेबियन किंवा उबुंटू एवढं छोट्या ग्रुपला पुरतं.

आधी डोमेन घ्या आणि ते सर्व्हरच्या आयपीकडे वळवा. इथे घाई नको, कारण सिनॅप्समध्ये एकदा दिलेलं सर्व्हरचं नाव नंतर बदलता येत नाही. मग सिनॅप्स, डेटाबेससाठी पोस्टग्रेस आणि पुढे एनजिनएक्स. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ९० दिवसांचंच. नूतनीकरण आपोआप होईल असं बघा. इतर सर्व्हरशी बोलायचं तर ८४४८ पोर्ट उघडा किंवा ४४३ वरून वाट करून द्या. नोंदणी मात्र सर्वांना खुली ठेवू नका, स्पॅमवाले टपलेलेच असतात. सभासदांची खाती स्वतः तयार करा.

मोबाइलवर एलिमेंट किंवा फ्लफीचॅट वापरता येतं. केंद्र सरकारने १४ मेसेजिंग अ‍ॅप्सवर बंदी घातल्याची बातमी मे २०२३ मध्ये आली, त्या यादीत एलिमेंटही होतं. पण प्रणाली खुली असल्याने एका अ‍ॅपवर सगळं अडत नाही.

एन्क्रिप्शन चालू असेल तर सर्व्हर चालवणाऱ्यालाही मजकूर वाचता येत नाही. कोण कोणाशी कधी बोललं, हे मात्र त्याला दिसतं. सोसायटीत हे काम कोणाकडे द्यायचं, ते त्यामुळे जरा विचार करूनच ठरवा.

आणि बॅकअप! डेटाबेस, फोटोंचा फोल्डर, सर्व्हरची साइनिंग की, हे तिन्ही दुसऱ्या मशीनवर ठेवा. डिस्क गेली तर तक्रार करायला कस्टमर केअर नसतं, ते तुम्हीच असता.