पंचेचाळिसाव्या वर्षी बदललेली वाट

२०२५ च्या जुलैअखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे २ टक्के माणसे कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा मध्यमवर्गीय घरांत जी अस्वस्थता पसरली, ती निव्वळ आकड्यामुळे नव्हती. सुमारे ६ लाख माणसे नोकरीस असलेल्या संस्थेत १२ हजारांची कपात प्रमाणाने लहानच म्हणावी लागेल. परंतु ही कुऱ्हाड मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायरीवरील अधिकाऱ्यांवर पडणार, असे त्याच वेळी सांगण्यात आले होते. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे एका संस्थेत काढली, हाताखालची माणसे तयार केली आणि आता आपले बस्तान बसले असे मानले, त्यांनाच आपले ज्ञान कालबाह्य ठरल्याचे कळू लागले. एका संस्थेत दीर्घकाळ व्यवस्थापक म्हणून राहण्यात आता काही अर्थ उरला आहे काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ त्या कंपनीपुरता राहात नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्या गृहस्थांनी ही कंपनी उभी केली, त्यांच्या आयुष्याकडे वळणे उपयुक्त ठरेल. फकीरचंद कोहली यांचा जन्म १९२४ साली पेशावरला झाला. लाहोरला पदवी घेतल्यावर ते कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले, १९५० मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेची पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली आणि १९५१ साली ते मुंबईत टाटांच्या वीज कंपनीत रुजू झाले. फाळणीने ज्यांचे गाव परक्या देशात गेले अशा पिढीतील हा तरुण परदेशात राहिला असता, तर कोणी नवल केले नसते. तो परतला आणि पुढली जवळजवळ पन्नास वर्षे एकाच उद्योगसमूहात राहिला.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील जलविद्युत केंद्रांतून व ट्रॉम्ब्याच्या औष्णिक केंद्रातून मुंबईला वीज पुरविणे, हे या कंपनीचे काम. विजेचा साठा करून ठेवता येत नाही; जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती क्षणोक्षणी करावी लागते. एका ठिकाणच्या बिघाडाचा परिणाम दुसऱ्याच टोकाला दिसू शकतो. त्यामुळे या क्षेत्रातील अभियंत्याला सुट्या यंत्रापेक्षा संपूर्ण जाळ्याचा विचार करण्याची सवय लागते. कोहली यांनी या जाळ्याचे भारनियंत्रण बसविण्यात महत्त्वाचा वाटा उचलला आणि त्यासाठीच्या गणितात संगणकाची मदत घेतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेला मोठा संगणक त्या काळी अशा कामांना आधार होता.

सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांच्याकडे एक वर्षापूर्वीच स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सीचे सरव्यवस्थापकपद आले. त्या वेळी त्यांचे वय ४५ होते. अठरा वर्षे विजेच्या क्षेत्रात घालविलेल्या, त्याच क्षेत्रात नाव झालेल्या माणसाला एका अल्पवयीन व अनिश्चित व्यवसायात पाठविण्यात येत होते. आजच्या कर्मचारी-विभागाच्या भाषेत बोलायचे, तर हे ‘भलत्याच कौशल्याचे, वेतन अधिक असलेले, मधल्या वयाचे’ गृहस्थ होते. अशा माणसाला नारळ देण्याऐवजी संस्थेने त्याला नवी विद्या आत्मसात करण्यास वेळ दिला. या एका निर्णयाचे फळ पुढे किती मोठे निघाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तो काळ मात्र अनुकूल नव्हता. संगणक आयात करावयाचा तर परवान्यासाठी दीर्घ प्रतीक्षा, परकीय चलनाची चणचण आणि जबर जकात. कंपनीची सुरुवातीची कामेही साधीच होती. टाटांच्या पोलाद कंपनीसाठी पंच कार्डांवरील हिशेब, युनिट ट्रस्टची कामे आणि सेंट्रल बँकेच्या शाखांमधील परस्पर नोंदींचा मेळ घालणे, अशी ती कामे होती. यांपैकी शेवटच्या कामाचे महत्त्व बँकेतील कारकुनाला समजावून सांगावे लागणार नाही. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे टाकलेली रक्कम तिकडे खरोखर जमा झाली की नाही, हे शेकडो शाखांच्या बाबतीत हाताने ताडून पाहण्यात महिनेच्या महिने जात आणि त्या विलंबाच्या आडोशाला अफरातफरीला वाव मिळे.

१९७४ मध्ये कंपनीने परदेशासाठी केलेले पहिले काम याच जातीचे होते. बरोज या अमेरिकन कंपनीच्या एका प्रकारच्या संगणकासाठी लिहिलेली रुग्णालयाची प्रणाली तिच्याच दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर चालेल, अशा रीतीने बदलून द्यावयाची होती. गंमत अशी की, हे सर्व काम मुंबईत एका तिसऱ्याच कंपनीच्या, आय. सी. एल.च्या, संगणकावर पार पाडण्यात आले. जे यंत्र जवळ नाही, त्याच्यासाठी आज्ञावली लिहिण्याची ही अडचण होती. परंतु अडचणीतूनच परक्या यंत्राचा अभ्यास करून ते आपलेसे करण्याची विद्या अभियंत्यांच्या अंगवळणी पडली. परकीय चलन कायद्यानुसार भागभांडवलातील आपला वाटा कमी करण्यास नकार देऊन आय. बी. एम. कंपनी १९७८ मध्ये भारतातून गेली, तेव्हा या विद्येचे मोल अधिकच वाढले.

पुढील वाटचाल ठाऊक असलेलीच आहे. १९७९ साली न्यूयॉर्कला कचेरी निघाली. १९८१ मध्ये पुण्यात संशोधन केंद्र स्थापन झाले. त्या वेळी संगणकाच्या आज्ञावलीवर संशोधन करावयाचे असते, ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. १९८९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील रोखे व्यवहारांची प्रणाली उभारण्याचे मोठे काम मिळाले. १९९६ मध्ये कोहलींनी सूत्रे एस. रामदोराई यांच्या हाती दिली. रामदोराई याच कंपनीत खालच्या पायरीपासून वर आले होते आणि न्यूयॉर्कची कचेरी त्यांनीच उभी केली होती. १९९९ मध्ये वयाच्या ७५ व्या वर्षी कोहली निवृत्त झाले. व्यवस्थापकाच्या यशाची कसोटी त्याच्या कारकीर्दीतील नफ्यापेक्षा त्याच्यामागे संस्था चालते की नाही, यावर घ्यावयाची असेल, तर या कसोटीला ते पूर्णपणे उतरले.

अर्थात या यशोगाथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या उद्योगाने देशातील उत्तम बुद्धी परक्या कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्या नीट लावण्यात खर्ची घातली, ही टीका अगदीच निराधार नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत विमा व बँक कर्मचारी संघटनांनी संगणकाला जो विरोध केला, त्याची आज चेष्टा होते. परंतु यंत्र आले तर आमचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला आणि त्यानंतर बँकांमध्ये संगणक आले, ते टप्प्याटप्प्याने व वाटाघाटीतून आले. त्या कारकुनांमागे निदान संघटना होती. आज तोच प्रश्न विचारण्याची पाळी संगणक-अभियंत्यावर आली आहे आणि त्याच्यामागे तसे बळ जवळजवळ नाही.

कोहलींना या उद्योगाच्या उणिवा दिसत नव्हत्या असे नाही. भारताने संगणकाच्या यंत्रनिर्मितीकडे दुर्लक्ष केले आणि संगणक भारतीय भाषांत आणला नाही, ही खंत ते अखेरपर्यंत बोलून दाखवीत. उतारवयात त्यांनी हाती घेतलेले काम प्रौढ साक्षरतेचे होते, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. अक्षरे सुटी घोटवून घेण्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर शब्द व चित्रे दाखवीत सुमारे ४० तासांत निरक्षर प्रौढाला वर्तमानपत्र वाचता यावे, अशी ती पद्धत होती. तिचा प्रारंभ तेलुगूतून झाला आणि पुढे ती मराठीसह इतर भाषांत आली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. २६ नोव्हेंबर २०२० रोजी ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोहलींच्या काळी धंद्याची गती संथ होती, आज कृत्रिम बुद्धिमत्तेने वर्षावर्षाला विद्या जुनी होते, त्यामुळे जुना दाखला आज लागू पडत नाही, असा युक्तिवाद केला जाईल. कोहली असामान्य होते आणि संगणकाशी त्यांचा आधीच परिचय होता, असेही म्हटले जाईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तथापि, विद्या जितक्या वेगाने जुनी होते, तितकी ती पुन्हा शिकविण्याची गरज वाढते. ती कमी होत नाही. शिवाय हा उद्योग वाढला तो असामान्यांच्या नव्हे, तर स्थापत्य, यंत्र वा वीज शाखेतील सामान्य पदवीधरांना पदरी घेऊन त्यांना संगणक शिकविल्यामुळे. बावीस वर्षांच्या मुलाला नवी विद्या शिकविता येते आणि पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवी माणसाला येत नाही, असे मानण्यास आधार कोणता?

माणूस नोकरीत दीर्घकाळ टिकतो, तो केवळ त्याच्या निष्ठेमुळे नव्हे. संस्थेनेही त्याच्या घडणीचा खर्च उचलावा लागतो. हा दुपदरी करार एका बाजूने मोडावयाचा आणि दुसऱ्या बाजूकडून निष्ठेची अपेक्षा ठेवावयाची, हे चालणार नाही. विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनीही यातून एक बोध घ्यावा: पहिल्या नोकरीला उपयोगी पडणारी एखादी संगणक-भाषा चार वर्षांत जुनी होईल, परंतु संपूर्ण जाळ्याचा विचार करण्याची सवय जुनी होणार नाही. आणि ज्या व्यवस्थापकांच्या टेबलावर आज कपातीच्या याद्या आहेत, त्यांनी त्यातील प्रत्येक नावापुढे वय लिहिलेले असेल, तेथे क्षणभर थांबावे. १९६९ साली अशीच एखादी यादी झाली असती, तर आज ही कंपनी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांचे नावही कदाचित तिच्यात निघाले असते.