गल्ल्याजवळचा संगणक

छोट्या व्यापाराला लागणारे संगणकाचे ज्ञान फार मोठे नाही, पण ते नेमके असावे लागते. धंद्याची माहिती कुठे साठवली आहे, कोणत्या रूपात साठवली आहे आणि तिची किल्ली कोणाच्या हातात आहे, एवढे ज्याला कळते त्याला नवे सॉफ्टवेअर थोड्या दिवसांत हाताळता येते. ज्याला ते कळत नाही तो बटणांचा क्रम पाठ करतो आणि पडद्यावरचे बटण जरा इकडचे तिकडे झाले की अडतो.

दुकानांत संगणक शिरला तो हिशेबाच्या निमित्ताने. श्यामसुंदर गोएंका हे कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरवणारे व्यापारी. स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते तयार करायला सांगितले. १९८६ साली बंगळुरूत त्यातून जी कंपनी उभी राहिली, तिचे सॉफ्टवेअर पुढे टॅली या नावाने देशभर पोचले. कीर्द आणि खतावणी लिहिण्यात हयात गेलेल्या दिवाणजींना त्यातले तत्त्व परके नव्हते. नोंद एकदाच करायची, खतावणी आणि तेरीज यंत्राने काढायची, एवढाच फरक होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यात मुंबई पहिल्या शहरांपैकी एक होती. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांतही लाखो लोकांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला. ते काम मोठेच होते. मात्र अनेक सरकारी पदांसाठी हे प्रमाणपत्र मागितले जाई, त्यामुळे अभ्यासक्रमाचा रोख नोकरी शोधणाऱ्यांकडे राहिला. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या गरजा वेगळ्या होत्या. २०१६ साली यूपीआय आले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, आणि संगणक टाळण्याची सोय दुकानदाराला उरली नाही.

यंत्राची ओळख थोडक्यात पुरते. प्रोसेसर काम करतो, रॅम हातातले काम तात्पुरते धरून ठेवते, डिस्क कायमचे साठवते. वीज गेली की रॅममधले जाते आणि डिस्कवरचे राहते. अर्धवट टाइप केलेले कोटेशन सेव्ह न करता सोडले तर ते का हरवते, हे यातूनच कळते. खिशातला मोबाइल हाही पूर्ण संगणकच आहे, त्यामुळे पुढचे सारे त्यालाही लागू पडते.

खरा गोंधळ फाइल आणि फोल्डरपासून सुरू होतो. फाइल म्हणजे नाव दिलेला माहितीचा एक गठ्ठा, आणि ती डिस्कवर ठरावीक ठिकाणी असते. हे ठिकाण माहीत नसण्याची किंमत फार मोठी आहे. डेस्कटॉपवरचे टॅलीचे चिन्ह पेन ड्राइव्हवर कॉपी करून बॅकअप घेतला असे समजणारे लोक बरेच आहेत. ते चिन्ह म्हणजे फक्त शॉर्टकट, मूळ सॉफ्टवेअरकडे नेणारी खूण. वर्षभराच्या नोंदी वेगळ्याच फोल्डरात असतात. तिथे प्रत्येक कंपनीसाठी आकडी नावाचा एक फोल्डर असतो, आणि तोच जपायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बिले कुठे जातात, वेबसाइटवरून उतरवलेले चलन कुठे पडते, हेही एकदा शोधून पाहावे. फाइलला नाव देताना वर्ष, मग महिना, मग विषय असा क्रम ठेवला, उदाहरणार्थ ‘२०२५-०४ खरेदी’, तर यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. ‘नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल २’ या नावांनी मार्च महिन्यात कोणाचे भले झालेले नाही.

माहितीचे रूप हा त्यापुढचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. माणसाला आकडा दिसतो तिथे संगणकाच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: संख्या, तारीख किंवा नुसता मजकूर. एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक टाकला की पुढची शून्ये गळून पडतात, कारण एक्सेल त्याला संख्या समजते आणि संख्येपुढच्या शून्याला किंमत नसते. क्रमांक बारा अंकी असेल तर तो दशांश चिन्ह आणि ई या अक्षरासह आखडून दिसतो. सोळा अंकी असेल तर नुकसान कायमचे होते. एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते, सोळाव्या जागी शून्य येऊन बसते आणि मूळ अंक परत मिळत नाही. बिलाचा नंबर १२-४ असा लिहिला तर त्याची तारीख होते. ती १२ एप्रिल की ४ डिसेंबर, हे संगणकातली तारखेची मांडणी भारतीय आहे की अमेरिकन यावर ठरते. उपाय साधा आहे. ज्याची बेरीज कधीच करायची नाही, ते सारे मजकूर म्हणून ठेवायचे: खाते क्रमांक, मोबाइल नंबर, बिल नंबर, पिनकोड. माहिती भरण्याआधी त्या स्तंभाचे रूप ‘टेक्स्ट’ करून ठेवले की काम झाले. हा एक नियम शिकवायला पाच मिनिटे लागतात आणि चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवायला महिने लागू शकतात, म्हणून कोणत्याही वर्गात तो पहिल्या दिवशी शिकवायला हवा.

रूप कळले की व्यापाऱ्याच्या रोजच्या वापरातले कोड वाचता येऊ लागतात. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे धंद्याचा पॅन. तेरावे अक्षर त्या राज्यात त्याच पॅनवर झालेल्या नोंदण्यांचा क्रम सांगते, चौदाव्या जागी सहसा झेड असते, आणि पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले पडताळणीचे अक्षर असते. पॅनचे चौथे अक्षर पी असेल तर तो व्यक्तीचा, एफ असेल तर भागीदारी संस्थेचा, सी असेल तर कंपनीचा. बँकेचा आयएफएससी अकरा अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. त्या पाचव्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर टाइप करणे ही नेहमीची चूक आहे. पडताळणीच्या अक्षरामुळे जीएसटी क्रमांकातली किरकोळ चूक पोर्टल पकडते. पण एका पार्टीच्या जागी दुसऱ्या पार्टीचा खरा क्रमांक पडला तर यंत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही. बिल भलत्याच्या नावे चढते, खऱ्या खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या विवरणात ते दिसत नाही, त्याचे इनपुट क्रेडिट अडते, आणि भांडण दुकानाच्या पायरीवर येते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी रूपाचा आणखी एक प्रश्न आहे, तो फॉन्टचा. छापखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप झाला. त्यात संगणकाने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची किंवा चिन्हांची स्थाने, त्यावर देवनागरीचे फक्त चित्र चढवलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अगम्य चिन्हे दिसतात, आणि मजकुरात शोध घेता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर मान्य झालेला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून युनिकोडमधले मराठी मोबाइलवर, ईमेलमध्ये आणि गूगलच्या शोधातही मराठीच राहते. ज्या दुकानदाराला मालाची यादी ग्राहकाला इंटरनेटवर सापडावी असे वाटते, त्याने ती युनिकोडमध्येच करून घ्यावी. छपाईसाठी जुना फॉन्ट वापरणाऱ्या डीटीपीवाल्याकडूनही युनिकोडची प्रत मागून घ्यावी. टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक शिकला तर उत्तम. तो सरकारी प्रमाण आहे आणि बहुतेक संगणकांत आधीपासून असतो.

इंटरनेट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांचे जाळे, आणि ते हवेत नाही. परदेशातून येणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याजवळ किनाऱ्याला लागतात, आणि ज्याला क्लाउड म्हणतात ते ऐरोली, रबाळे, महापे इथल्यासारख्या डेटा सेंटरमधले संगणक असतात. या जाळ्यात प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून वेबसाइटला नाव दिले जाते आणि नावावरून आकडी पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस ही यंत्रणा करते. ही पद्धत १९८३ सालची. नावाला डोमेन म्हणतात, ते ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून घ्यावे लागते. २०१४ पासून देवनागरीत .भारत हे डोमेनही मिळते. वेगाबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: जोडणी देणारा सांगतो ते मेगाबिट, आणि फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. पत्त्याआधीचे एचटीटीपीएस एवढेच सांगते की मधल्या वाटेत मजकूर कोणी वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. फसव्या वेबसाइटलाही एचटीटीपीएस सहज मिळते. म्हणून पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अलीकडचे नाव शेवटाकडून वाचावे. सरकारी पोर्टलच्या बाबतीत तिथे बहुधा जीओव्ही डॉट इन असते.

पैसे घेण्याच्या बाबतीत दुकानदार सगळ्यांच्या पुढे आहेत. काउंटरवरच्या क्यूआर कोडला गिऱ्हाईक ‘स्कॅनर’ म्हणते. जपानमध्ये १९९४ साली डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. दुकानात चिकटवलेल्या कोडमध्ये रक्कम नसते, फक्त यूपीआय आयडी आणि नाव असते, आणि तो कोणीही छापू शकतो. रात्रीतून दुसऱ्याचा कोड वरून चिकटवल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या फोनने कोड तपासून नाव पाहणे शहाणपणाचे. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. साउंडबॉक्सचा आवाज किंवा स्वतःच्या खात्यातली नोंद हाच पुरावा. आणि यूपीआय पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन टाका असे कोणी सांगत असेल, तर तो फसवतो आहे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन होईल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठण्याची शक्यता जास्त.

आता किल्लीचा प्रश्न, आणि इथे छोटे व्यापारी सर्वांत उघडे पडतात. जीएसटीची नोंदणी करताना मोबाइल आणि ईमेल कोणाचा दिला? अनेकदा कर सल्लागाराचा, कारण त्या दिवशी तेच सोयीचे होते. वेबसाइटचे डोमेन कोणाच्या नावावर आहे? ती बनवून देणाऱ्या मुलाच्या. गूगल नकाशावरचे दुकान कोणत्या जीमेलमधून चालते? दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या. यात कोणाची वाईट नियत असेलच असे नाही. पण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, व्यवहारात खाते त्याचेच असते. सल्लागाराशी बिनसले, मुलगा पुण्याला गेला, नंबर रिचार्जविना बंद पडून दुसऱ्याला मिळाला, की स्वतःच्याच धंद्याच्या दाराशी उभे राहण्याची वेळ येते. म्हणून धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड आणि वेगळा ईमेल असावा, दोन्ही मालकाच्या नावावर, आणि सर्व सरकारी व बँकेच्या नोंदी त्यावर. पासवर्ड लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, आणि ईमेलचा तर सर्वांत पक्का. बाकीचे सगळे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. कामगारांना मालकाचा पासवर्ड देण्याऐवजी टॅलीत आणि बँकेच्या ॲपमध्ये त्यांच्यासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते काढता येते. ओळखीच्या पुरवठादाराच्या ईमेलवरून ‘आमचा खाते क्रमांक बदलला’ असे पत्र आले, तर पैसे पाठवण्याआधी जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करावा, पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे.

बॅकअपचे महत्त्व कोकणाला वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात संगणक आणि त्याच ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह एकाच वेळी जातात. प्रचलित नियम असा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. एक प्रत जाळ्याशी न जोडलेली असणेही तेवढेच गरजेचे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले, आणि न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही कोलमडले. कंपनीच्या जाळ्याचा आधार असलेल्या सर्व्हरची शाबूत प्रत अखेर सापडली ती घानातल्या कार्यालयात, तिथली वीज त्या वेळी गेलेली होती म्हणून. दुकानदाराला यासाठी दोन पोर्टेबल डिस्क पुरतात. एक घरी, एक दुकानात, दर शनिवारी अदलाबदल. क्लाउडवरची आपोआप होणारी प्रत तिसरी. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून जुनी फाइल उघडून पाहावी, कारण न उघडणारा बॅकअप हा बॅकअपच नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षे जपावे लागतात. त्या काळात संगणक बदलतो आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही बदलते, म्हणून वर्ष संपताना खतावणी, ताळेबंद आणि विवरणपत्रे पीडीएफमध्ये काढून ठेवावीत.

मालकाला अचानक काही झाले तर घरच्यांना हे सारे सापडले पाहिजे. त्यासाठी एका कागदावर धंद्याची सगळी खाती, त्यांचे ईमेल, जोडलेला मोबाइल नंबर, डोमेनची मुदत संपण्याची तारीख, डिजिटल सही कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे आणि बॅकअपच्या डिस्क कुठे आहेत, हे लिहून घरच्या कपाटात ठेवावे. पासवर्ड त्या कागदावर लिहू नयेत. ते वेगळ्या बंद पाकिटात ठेवावेत, आणि पाकीट कुठे आहे हे घरातल्या दोघांना माहीत असावे.