शोभा डे
शोभा डे (माहेरचे आडनाव राजाध्यक्ष, जन्म : ७ जानेवारी १९४८) या इंग्रजीतून लिहिणाऱ्या मराठीभाषक कादंबरीकार व स्तंभलेखिका आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली. तरुणपणी मॉडेलिंग करून १९७० मध्ये त्या पत्रकारितेत आल्या. ‘स्टारडस्ट’ या सिनेमासिकाच्या संपादक असताना इंग्रजीत हिंदी शब्द मिसळलेली त्याची खट्याळ भाषा गाजली.

‘सोशलाइट ईव्हनिंग्ज’ (१९८९) ही त्यांची पहिली कादंबरी. तिची नायिका करुणा हीदेखील मॉडेल असून सुखवस्तू संसारात घुसमटते. या लेखनावर उथळपणाचा शिक्का बसला. परंतु उच्चभ्रू घरांतील स्त्रीच्या एकाकीपणाचे त्यातील चित्रण टीकाकारांनी मानले तितके वरवरचे नाही. ‘सिलेक्टिव्ह मेमरी’ (१९९८) हे त्यांचे आत्मकथन होय.