जुनी पेटी भंगारात देण्यापूर्वी

आपल्या ग्वाल्हेरच्या भैय्या गणपतरावांनी ठुमरीच्या मैफलीत पेटीला मानाचे स्थान मिळवून दिले. आज अनेक घरांत ती माळ्यावर पडून आहे. निवृत्तीनंतर शिकायची इच्छा होते, पण सूर नीट लागत नाही म्हणून जुनी पेटी भंगारात जाते. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

१. भाता : कोणतीही पट्टी न दाबता भाता मारा. थोड्याच वेळात तो जड झाला पाहिजे. हलकाच राहिला तर हवा गळते आहे. चामडे किंवा कापड बदलून हा दोष जातो.

२. पट्ट्या : न दाबताच एखादा सूर वाजत राहिला, तर स्प्रिंग सैल झाली असेल किंवा झडपेखाली कचरा अडकला असेल.

३. सूर : पितळी जिभेत धूळ अडकली की सूर मुका होतो. तो स्वतः घासू नये. टोकाकडे घासला तर सूर चढतो, बुडाशी घासला तर उतरतो. हे काम कारागिराचेच.

सुरांची फळीच तडकली असेल तर मात्र नव्या पेटीचा विचार करावा. एरवी दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा, नव्या पेटीच्या किमतीशी ताडून पाहावा आणि मगच ठरवावे. आजोबांच्या पेटीवर नातवंडांसोबत सा लावण्याचे मोल त्या हिशेबात धरायला विसरू नये.