फ्रेंचांचा रोजचा पाव

फ्रेंच राहणी म्हटली कीं पुष्कळांस अत्तरें व उंची पोशाख आठवतात. पण त्या लोकांचा खरा चोखंदळपणा पाववाल्याच्या दुकानापुढील रांगेंत दिसतो. ‘बगेत’ हा काठीसारखा लांब पाव दुसऱ्या दिवशीं चिवट होतो, म्हणून तो रोज ताजाच घ्यावयाचा. कारखान्यांचा स्वस्त पाव येतांच गल्लींतील भट्ट्यांवर गदा आली. तेव्हां १९९३ च्या हुकुमान्वयें, ‘परंपरागत फ्रेंच पाव’ म्हणून विकावयाचा पाव गोठविण्यास व त्यांत कृत्रिम द्रव्यें मिसळण्यास बंदी झाली. पीठ, पाणी, मीठ व खमीर हेंच त्याचें भांडवल. १९९८ च्या कायद्यानें तर, जो जागेवर पीठ मळून भाजीत नाहीं, त्यास ‘बुलांजरी’ ही पाटीच लावतां येईना! युनेस्कोनें या कारागिरीस २०२२ मध्यें मान दिला, तो जरा उशिराच. पाववाल्यास मात्र अजून पहाटेपूर्वींच उठावें लागतें.