उंच कड्यावर नेम: वर धरायचा की खाली?

या भागात आकडे जरा जास्त होते, म्हणून तो लिहूनही देतोय. सावकाश वाचा, कॅल्क्युलेटर हाताशी ठेवा.

सुरुवात एका प्रश्नाने. रायफलवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, सपाट मैदानावर बरोबर लावून घेतलाय. आता लक्ष्य ४०० मीटरवर आहे, पण उंच कड्यावर. मैदानावर ४०० मीटरसाठी जेवढी सेटिंग ठेवली असती, तिच्यापेक्षा नेम वर हवा की खाली? आणि लक्ष्य खाली दरीत असेल तर?

बहुतेकांचं उत्तर असतं, वर असेल तर वर आणि खाली असेल तर खाली. खरं उत्तर आहे, दोन्ही वेळा खाली. मैदानाच्या हिशेबाने मारली तर गोळी दोन्ही वेळा लक्ष्याच्या वरून जाते.

असं का? गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढायला लागतं. म्हणून स्कोप लावताना नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली ठेवतात. गोळी जेवढी पडणार, तेवढी आधीच वर पाठवायची. आता टोकाचा विचार करा. रायफल सरळ आकाशाकडे धरली तर गुरुत्वाकर्षण गोळीचा वेग कमी करेल, पण तिला रेषेच्या बाजूला ओढणार नाही. म्हणजे पडण्याची भरपाई शून्य लागेल. सरळ खाली विहिरीत धरली तरी तेच. आडव्या नेमाला पूर्ण भरपाई, उभ्या नेमाला शून्य, मग मधल्या कोनांना मधली. ही मधली किंमत देणारं फंक्शन तुम्ही दहावीतच शिकलात: कोसाइन.

नियम सोपा आहे. तिरकं अंतर गुणिले कोनाचा कोसाइन, म्हणजे आडवं अंतर. स्कोप त्या आडव्या अंतरासाठी लावायचा. लक्ष्य ४०० मीटरवर असेल तर:

१५ अंश: ३८६ मीटर
३० अंश: ३४६ मीटर
४५ अंश: २८३ मीटर

१५ अंशांना फारसा फरक नाही. ३० अंश म्हणजे साधारण घराच्या जिन्याचा चढ, तिथे ५४ मीटर कमी झाले. समजा तुमच्या तक्त्यात ४०० मीटरला २६ क्लिक आहेत आणि ३४६ मीटरला २१. स्कोपची एक क्लिक १०० मीटरवर १ सेंटीमीटर सरकवत असेल, तर ४०० मीटरवर ४ सेंटीमीटर. पाच क्लिक जास्त राहिल्या की गोळी २० सेंटीमीटर वर. एवढ्यात नेम पार हुकतो.

रेंजवर सराव करणाऱ्याला याची गरजच पडत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. तिथे अंतर ठरलेलं, जमीन सपाट आणि रायफलवर लक्ष्य मोठं दाखवणारा स्कोपही नाही.

आता १९९९ चं कारगिल आठवा. तोलोलिंग असो वा टायगर हिल, शत्रू माथ्यावर आणि आपले जवान खालून चढणारे. द्रास गावच दहा हजार फुटांच्या वर, टायगर हिलचा माथा सोळा हजारांच्या वर. अशा ठिकाणी कोनाच्या जोडीला हवाही विरळ असते. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी, वेग जास्त टिकतो, म्हणून ती कमी पडते. म्हणजे मैदानात लावलेला स्कोप तसाच वर नेला तर दोन्ही चुका एकाच दिशेने जातात, वरच्या. वरून उत्तर देणारा समोर असताना दुसरी संधी मिळेलच असं नाही.

आता तीन गोष्टी, जिथे हमखास घोळ होतो.

पहिली, वारा. वारा गोळीला तिच्या पूर्ण प्रवासात ढकलतो, म्हणून वाऱ्याचा हिशेब तिरक्या अंतरावर, पूर्ण ४०० मीटरवर करायचा. कोसाइन फक्त वर-खालीच्या नॉबसाठी.

दुसरी, दुहेरी दुरुस्ती. अनेक लेझर रेंजफाइंडर कोन धरून कमी केलेलं अंतरच दाखवतात. ते अंतर आणि वर कोनही ॲपमध्ये टाकला की कोसाइन दोनदा लागतो. आमच्या कोडमध्येही हा बग असाच येतो: दोन फंक्शन, दोघांनाही वाटतं की रूपांतर आपलंच काम. आपलं यंत्र नेमकं कोणतं अंतर दाखवतं, ते आधी बघा.

तिसरी, रेडियन. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर कोसाइन ३० चं उत्तर ०.८६६ ऐवजी ०.१५४ येतं आणि ४०० मीटरचे ६२ होतात.

शिवाय अंतर खूप वाढलं की हा नियम थोडा कमी भरपाई सांगतो, कारण हवेचा अडथळा गोळीला पूर्ण तिरक्या वाटेवर होतो. तिथे बॅलिस्टिक ॲपच हवं.

आपल्यापैकी बहुतेक जण रायफल कधी हातात धरणार नाहीत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. पण कोन मोजायचं यंत्र खिशात आहेच. मोबाइलमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरच लेव्हल ॲप चालतं. पुढच्या ट्रेकला चढाचा कोन आधी डोळ्यांनी सांगा, मग मोबाइलने मोजा. डोळ्यांना ४५ वाटलेला चढ बहुतेकदा ३० च्या आसपास निघतो. आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटूया!